साठ पानांचा हिशेब : पोकेमॉनचा तयार डेक कसा सुधारावा?

पोकेमॉनच्या पत्त्यांच्या खेळाविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन प्रश्न या वेळी निवडले आहेत. (खेळाडूच्या पानांच्या गड्ड्याला डेक म्हणतात आणि त्यात तीन तऱ्हेची पाने असतात : लढणारे पोकेमॉन, त्यांच्या हल्ल्यांना लागणारी एनर्जी आणि मदतीची ट्रेनर पाने.) पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण त्यातली अडचण तयार डेक घेऊन खेळायला बसलेल्या बहुतेक प्रत्येक मुलाला येते.

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी सोसायटीतल्या मुलांबरोबर पोकेमॉनची कार्डे खेळते. नवशिक्यांसाठीचा एक तयार डेक आम्ही तिला घेऊन दिला आणि नंतर पाकिटांतून मिळालेली काही चांगली पाने तिने त्यात घातली. आता त्यात २६ पोकेमॉन, १४ ट्रेनर आणि २० एनर्जी आहेत. एनर्जीपैकी ११ आगीच्या आणि ९ विजेच्या आहेत. तिचे आवडते चॅरिझार्ड एक्स एकच आहे, चारमँडर दोन आणि त्याचे पुढचे रूप चारमेलियन दोन, ज्यावरून चॅरिझार्ड बनते. ते चॅरिझार्ड क्वचितच मैदानात येते आणि आले तरी तोवर डाव हातचा गेलेला असतो. आणखी बलवान पोकेमॉन विकत घ्यावेत का? – एक पालक, नाशिक

उत्तर : आपण पानांची संख्या लिहून पाठवलीत, त्यामुळे उत्तर नेमके देता येते. आणखी बलवान पोकेमॉन तूर्त घेऊ नयेत. आपल्या मुलीच्या डेकमध्ये ताकद पुरेशी आहे. ती ताकद वेळेवर हातात येत नाही, ही खरी अडचण आहे. नवशिक्यांचे तयार डेक खेळाची ओळख व्हावी म्हणून बांधलेले असतात. त्यांत वेगवेगळ्या जातींचे पोकेमॉन एकेक-दोनदोन घातलेले असतात आणि एनर्जी भरपूर असते. शिकण्यासाठी ही रचना उत्तम आहे, पण दोन्ही बाजूंना असेच डेक असतील तोवरच ती पुरी पडते.

आधी थोडे गणित पाहू. डेक नेमका ६० पानांचा असतो, सुरुवातीला ७ पाने हातात येतात आणि ६ पाने प्राइझ म्हणून उलटी ठेवली जातात; प्रतिस्पर्ध्याचे पोकेमॉन बाद करत ती उचलायची असतात. एखादे पान डेकमध्ये एकच असेल, तर ते सुरुवातीच्या हातात येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के असते, दोन असतील तर २२ टक्के आणि चार असतील तर जवळजवळ ४० टक्के. मूळ एनर्जी सोडल्यास एकाच नावाची चारच पाने ठेवता येतात, म्हणून चार हा आकडा या खेळात फार महत्त्वाचा आहे. शिवाय एकुलते एक पान प्राइझमध्ये जाऊन अडकण्याची शक्यता बरोबर १० टक्के असते. म्हणजे दर दहा डावांपैकी सरासरी एका डावात मुलीचे चॅरिझार्ड सुरुवातीपासूनच कुलुपात असते आणि प्राइझ उचलल्याशिवाय ते तिला मिळणारच नसते. चॅरिझार्डचे दुसरे पान आणले, तर दोन्ही एकाच वेळी अडकण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी होते. नवे काही घ्यायचेच असेल, तर पहिला खर्च या दुसऱ्या पानावर करावा.

आता डेकमधून काय काढायचे ते पाहू. विजेच्या ९ एनर्जी आणि विजेवर चालणारे सगळे पोकेमॉन एकदम बाहेर काढावेत. एका पाळीत हातातून एकच एनर्जी लावता येते, त्यामुळे दोन रंगांच्या डेकमध्ये हातात आलेली एनर्जी समोरच्या पोकेमॉनला चालतच नाही, असे वारंवार घडते. त्यातही चॅरिझार्ड एक्स जर ऑगस्ट २०२३ च्या ‘ऑब्सिडियन फ्लेम्स’ संचातले असेल, तर आगीवर एकाग्र होण्याचे आणखी एक कारण आहे. हे चॅरिझार्ड डार्क प्रकारचे असले तरी त्याचा हल्ला आगीच्या दोन एनर्जींवर चालतो, आणि हातातून खेळून उत्क्रांत करताच, म्हणजे आधीच्या रूपावर ठेवताच, ते डेकमधून आगीच्या तीन मूळ एनर्जींपर्यंत शोधून आपल्या पोकेमॉनना लावू देते. एनर्जी लावण्याचे काम ते स्वतःच करत असल्यामुळे हातात एनर्जीचा ढीग जमवण्याची गरज उरत नाही. उलट एनर्जी डेकमध्ये शिल्लक असणे अधिक सोयीचे. आगीच्या ११ ऐवजी ९ एनर्जीसुद्धा पुरतील, मात्र हा बदल पुढच्या टप्प्यात करावा.

रिकाम्या झालेल्या जागांपैकी दोन चारमँडरला द्याव्यात, म्हणजे ते चार होतील. चारमेलियन दोनच राहू द्यावेत, कारण ‘रेअर कँडी’ हे पान चारमँडरवरून थेट चॅरिझार्डवर जाऊ देते. स्वतःच्या पहिल्या पाळीत किंवा त्याच पाळीत खाली ठेवलेल्या चारमँडरवर ते वापरता येत नाही, पण दुसऱ्या पाळीत ३३० एचपीचे (एचपी म्हणजे घाव सोसण्याची ताकद) चॅरिझार्ड उभे करण्याचा तोच मार्ग आहे, म्हणून रेअर कँडी तीन किंवा चार असाव्यात.

उरलेल्या जागा ट्रेनर पानांना द्याव्यात, आणि हा या उत्तराचा गाभा आहे. पोकेमॉनची चित्रे मुलांना खुणावतात, ट्रेनरची पाने रुक्ष वाटतात, पण पाळीगणिक एकच पान उचलण्याच्या बंधनातून खेळाडूला सोडवतात ती हीच पाने. ‘प्रोफेसर्स रिसर्च’ हातातली सगळी पाने टाकायला लावते आणि सात नवी देते. ‘आयोनो’ दोघांचेही हात डेकच्या तळाशी पाठवून ज्याच्या त्याच्या शिल्लक प्राइझइतकी नवी पाने देते, त्यामुळे पुढे असलेल्याचा हात आपोआप लहान होतो. ‘नेस्ट बॉल’ कोणताही एक बेसिक, म्हणजे चारमँडरसारखा पहिल्या रूपातला, पोकेमॉन शोधून थेट बेंचवर, म्हणजे लढणाऱ्या पोकेमॉनच्या मागच्या रांगेत, ठेवते. ‘बडी-बडी पॉफिन’ ७० किंवा त्याहून कमी एचपीचे दोन बेसिक एकदम आणते, आणि चारमँडर त्यात बसतो. ‘अल्ट्रा बॉल’ हातातली दोन पाने टाकण्याच्या बदल्यात हवा तो पोकेमॉन आणून देते, चॅरिझार्डसुद्धा. प्रोफेसर चार, आयोनो दोन-तीन, अल्ट्रा बॉल चार आणि नेस्ट बॉल किंवा पॉफिन मिळून चार इथवर हळूहळू पोहोचावे. प्रोफेसर आणि आयोनो ही ‘सपोर्टर’ प्रकारची ट्रेनर पाने आहेत. सपोर्टर एका पाळीत एकच खेळता येतो, म्हणून नाना तऱ्हेचे सपोर्टर भरू नयेत. ‘बॉसेस ऑर्डर्स’ मात्र दोन ठेवावेत. प्रतिस्पर्ध्याने बेंचवर लपवलेला दुबळा पोकेमॉन पुढे ओढून बाद करता येणे हा कित्येक डावांचा निकाल ठरवणारा क्षण असतो. तयार डेकमध्ये ‘पोशन’ असेल तर ते काढावे. समोरचे हल्ले १८० आणि २०० चे घाव घालत असताना ३० एचपी भरून काढण्यात एक पान खर्च करणे परवडत नाही.

शेवटी साधारण १६ ते १८ पोकेमॉन, तीसच्या वर ट्रेनर आणि दहाच्या आसपास एनर्जी अशी विभागणी झाली, म्हणजे डेक मार्गी लागला असे समजावे. एक सावधगिरी मात्र हवी : बेसिक पोकेमॉन फार कमी करू नयेत. पहिल्या सात पानांत एकही बेसिक नसेल तर हात दाखवून पुन्हा पिसावे लागते आणि प्रतिस्पर्ध्याला एक जादा पान घेता येते. डेकमध्ये ८ बेसिक असतील तर हे सुमारे ३५ टक्के वेळा घडते, ११ असतील तर २२ टक्के आणि १२ असतील तर १९ टक्के. म्हणून चार चारमँडरच्या जोडीला सात-आठ इतर बेसिक ठेवावेत, आणि ते कोणते हे मुलीला ठरवू द्यावे. तिच्या आवडीचा एखादा पोकेमॉन फारसा उपयोगी नसला तरी त्याला एक जागा देण्याने डेकचे विशेष नुकसान होत नाही, आणि डेक तिचाच राहतो.

विजेचा भाग काढण्याचा पहिला बदल मोठा आहे, पण तो एकदमच करावा लागेल. त्यानंतर मात्र एका वेळी चार-पाचच पाने बदलावीत आणि त्या रूपात काही डाव खेळावेत, नाहीतर कोणत्या बदलाने फायदा झाला ते कळत नाही. नवे पान घेण्याआधी घरच्या घरी चाचणीही करता येते : कागदाच्या चिठ्ठीवर पानाचे नाव व परिणाम लिहून ती चिठ्ठी एखाद्या जुन्या पानावर ठेवून दोन्ही पारदर्शक स्लीव्हमध्ये, म्हणजे पानाच्या प्लास्टिकच्या पाकिटात, घालावीत. मग मुलीने एकटीनेच डेक पिसून सात पाने घ्यावीत आणि समोर कोणी नाही असे धरून तीन पाळ्या खेळून पाहाव्यात. तिसऱ्या पाळीपर्यंत चॅरिझार्ड उभे राहिले का, नसेल तर कशावाचून अडले, एवढेच वहीत टिपावे. पाच-दहा वेळा असे केले की काय कमी पडते ते वहीच सांगते. डाव सुरू करणाऱ्या खेळाडूला पहिल्या पाळीत हल्ला करता येत नाही आणि सपोर्टरही खेळता येत नाही, हे चाचणीतही पाळावे.

डेकबरोबर खेळण्याची सवयही बदलावी लागते. हातात चांगली पाने असताना प्रोफेसर्स रिसर्च खेळायचे मुलांच्या जिवावर येते आणि ते पान डाव संपेपर्यंत हातातच राहते. आधी खाली ठेवता येईल ते सगळे ठेवावे, मग प्रोफेसर खेळावा, हा क्रम तिला समजावून सांगावा. टाकलेले पान कायमचे गेले असेही नसते. ‘नाइट स्ट्रेचर’ टाकलेल्या पानांतून एक पोकेमॉन किंवा एक मूळ एनर्जी हातात परत देते. सोबत एक इशाराही द्यावा : पाळीच्या सुरुवातीला डेकमध्ये उचलायला पानच उरले नाही तर डाव हरतो, म्हणून शेवटी-शेवटी पाने ओढताना हात आवरता घ्यावा.

प्रश्न : डेक सुधारण्यासाठी बूस्टर पाकिटे घ्यावीत की सुटी पाने? जवळच्या खेळण्यांच्या दुकानात पाकिटे फार स्वस्तात मिळतात. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : डेक सुधारणे हाच हेतू असेल तर सुटी पाने. इंग्रजी बूस्टर पाकिटात खेळाची १० पाने असतात आणि ती कोणती निघतील हे कोणाच्याच हाती नसते. वर सांगितलेल्या ट्रेनर पानांपैकी बरीचशी साध्या छपाईत वारंवार आलेली आहेत, म्हणून सुटी घेतल्यास ती झळाळत्या पोकेमॉनच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतात. पाकीट फोडण्याचा आनंद खरा आहे आणि वाढदिवसाला तो जरूर द्यावा, पण चार अल्ट्रा बॉल जमवण्याचा तो मार्ग नव्हे.

फार स्वस्त पाकिटांविषयी मात्र स्पष्टच सांगितले पाहिजे. आपल्याकडे बनावट पोकेमॉन कार्डांचा सुळसुळाट आहे, आणि सोनेरी किंवा चंदेरी प्लास्टिकची जी पाने डब्यांतून विकली जातात ती खेळासाठी निरुपयोगी असतात. आपल्या तयार डेकमधले पान इथे कामी येते, कारण अधिकृत खोक्यातून निघालेले ते पान खात्रीचे असते. शंकास्पद पान त्याच्याशेजारी ठेवून मागच्या बाजूची निळी छटा, अक्षरांचे वळण आणि कागदाची जाडी ताडून पाहावी. अलीकडच्या अस्सल पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटे इंग्रजी अक्षर, संचाची खूण आणि क्रमांक असतो. तो नसेल, मजकुरात शुद्धलेखनाच्या चुका असतील किंवा एचपीचा आकडा अवास्तव असेल, तर ते पान डेकमध्ये घालू नये. जाडीतल्या फरकामुळे असे पान पिसताना बोटांना कळते, आणि मग समोरच्या मुलावर अन्याय होतो.

प्रश्न : मी मोबाइलवर ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’ खेळतो. आता खऱ्या पानांचा तयार डेक घेतला आहे. ॲपमधली बांधणी इथे चालेल का, आणि हा डेक स्पर्धेत नेता येईल का? – एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पॉकेटमध्ये डेक २० पानांचा असतो, एका नावाची दोनच पाने चालतात, एनर्जी डेकमध्ये ठेवावीच लागत नाही आणि पहिल्या हातात बेसिक हमखास येतो. खऱ्या पानांच्या खेळात यातले काहीच नसते. पोकेमॉनची पारख आणि हल्ल्याची वेळ साधणे ही कौशल्ये उपयोगी पडतील, पण पानांचे प्रमाण नव्याने शिकावे लागेल, आणि त्यासाठी पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाही लागू आहे.

स्पर्धेसाठी पानाच्या कोपऱ्यातले तेच छोटे अक्षर पाहावे. ‘स्टँडर्ड’ प्रकारात ठरावीक अक्षरांचीच पाने चालतात आणि जुनी अक्षरे टप्प्याटप्प्याने बाद होतात. ११ एप्रिल २०२५ पासून ‘एफ’ अक्षराची पाने बाद झाली, आणि पुढची अक्षरेही अशीच क्रमाने जातील. त्यामुळे दुकानात बराच काळ पडून राहिलेल्या तयार डेकमधली काही पाने आज चालत नसण्याचा संभव असतो. याला एक सोयीचा अपवाद आहे : तेच पान नव्या अक्षरासह पुन्हा छापले गेले असेल, तर त्याच नावाचे व त्याच परिणामाचे जुने पानही वापरता येते. ‘स्विच’सारखी नेहमीची पाने त्यामुळे वर्षानुवर्षे उपयोगी राहतात. नाव नोंदवण्यापूर्वी खेळाच्या अधिकृत संकेतस्थळावरची चालू अक्षरे पाहून घ्यावीत, साठही पाने एकसारख्या, न मळलेल्या स्लीव्हमध्ये घालावीत आणि डेकमधल्या पानांची नावे, संच व क्रमांक यांची यादी लिहून बरोबर न्यावी, कारण अनेक स्पर्धांत ती खेळाआधी द्यावी लागते.