डोळ्यामागे हाड नाही, मग नजर जाणारच का?

"मॅडम, डोळ्यामागचं हाडच नाही म्हणे. मग नजर जाणारच ना?" न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १, म्हणजे एनएफ-१, हा अंगावर डाग आणि नसांवर गाठी आणणारा जनुकीय आजार असलेल्या मुलांचे आईवडील मला हे पुन्हा पुन्हा विचारतात. म्हणून एका चार वर्षांच्या मुलीबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिचा डावा डोळा जरा पुढे आलेला, वरची पापणी जड होऊन उतरलेली. अंगावर चहाच्या रंगाचे डाग जन्मापासूनच होते. घरच्यांनी लासं समजून ते सोडून दिले होते. आई धास्तावली ती डोळा नाडीसारखा उडताना पाहून. आजी म्हणाल्या, डावा डोळा लवतोय, मुलीच्या जातीला शुभच आहे. पण ते लवणं थांबेना.

डोळ्याच्या खोबणीची मागची भिंत मुख्यतः स्फेनॉइड हाडाची असते. एनएफ-१ च्या काही मुलांत ती, बहुधा एकाच बाजूला, नीट तयार होत नाही किंवा पुढे विरत जाते. मग मेंदूची ठोक्यागणिक होणारी हालचाल थेट डोळ्यापर्यंत पोचते. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण नुसत्या त्या उडण्याने नजर जात नाही. नजरेला धोका असतो तो बहुतेक वेळा दुसरीकडूनच: बाहुलीवर आलेली पापणी, चष्म्याचा मोठा नंबर, तिरळेपणा, डोळ्यातला वाढलेला दाब किंवा दृष्टीच्या नसेवरची गाठ. अशी गाठ एनएफ-१ च्या शंभरातल्या साधारण १५ ते २० मुलांत आढळते, बहुधा सातव्या वर्षाच्या आत, आणि त्यातल्या पुष्कळांना नियमित तपासणीपलीकडे काही लागत नाही.

या मुलीच्या एमआरआयमध्ये नसेवर गाठ नव्हती, दाबही ठीक होता. पापणीत मात्र मऊ गाठ होती. तिच्या भाराने चष्म्याचा सिलेंडर नंबर वाढलेला, बाहुली अर्धी झाकलेली, आणि मेंदूने त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला सुरुवात केलेली. यालाच आळशी डोळा म्हणतात. डॉक्टरांनी चष्मा दिला आणि चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लावायला सांगितली.

पट्टी आठवड्यात सुटली. "चांगला डोळा झाकायचा आणि अधू डोळ्याने बघ म्हणायचं, जीव होत नाही हो," आई म्हणाली. घरात सगळी चर्चा चालायची ती हाड कधी बसवायचं याचीच. मला इथेच सगळ्यात जास्त काळजी वाटते. टायटॅनियमची जाळी किंवा हाडाचा तुकडा बसवायचा की नाही हे सर्जन डोळा किती ढकलला जातोय ते बघून ठरवतात, आणि ते प्रत्येक मुलाला लागतंच असं नाही. आळशी डोळा मात्र सात-आठ वर्षांच्या आत जितका सुधारतो तितका पुढे सुधारत नाही.

पट्टीची वेळ आम्ही आजींच्या हाती दिली. त्या मटार सोलायला बसल्या की नात पट्टी लावून शेजारी, दाणे वेचून वाटीत टाकायला. पहिले काही दिवस दाणे वाटीबाहेरच जास्त पडले, रडारडही झाली. पण पट्टी टिकली. पुढच्या तपासणीत ती डाव्या डोळ्याने तक्त्यावरच्या दोन ओळी जास्त वाचू शकली.

आईच्या मनात आणखी एक सल होता: गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली होती. मी आजींसमोरच मुद्दाम स्पष्ट सांगितलं, ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. हा १७ व्या गुणसूत्रावरच्या जनुकातला बदल आहे, आणि जवळपास निम्म्या मुलांत तो नव्यानेच घडलेला असतो. दोघा आईवडिलांची त्वचा आणि डोळे तपासले. कुणातही खूण नव्हती. "म्हणजे हिचं काही चुकलं नाही," आजी म्हणाल्या. सुनेने पदर तोंडाला लावला.

एनएफ-१ असलेल्या लहान मुलाचे डोळे वर्षातून एकदा तरी तपासून घ्या, मूल तक्रार करत नसलं तरी. एका डोळ्याने कमी दिसतंय हे मुलं सांगत नाहीत. डोळा आणखी पुढे येऊ लागला, मूल वस्तूंना धडकू लागलं, डोकेदुखीबरोबर उलट्या झाल्या किंवा आठ वर्षांच्या आतल्या मुलीला स्तनांची वाढ दिसली (दृष्टीच्या नसेवरच्या गाठीचं हे लक्षण असू शकतं), तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता लगेच दाखवा.