ताडपत्रावरचं चित्र खरंच कोरलेलं आहे की छापलेलं, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की नवी मुंबईतल्या बेलापूरच्या अर्बन हाट या हस्तकला बाजारातून ओडिशाचं ताडपत्रावरचं दशावताराचं चित्र घेतलंत आणि घरी आलेल्या पाहुण्यांनी 'हे छापील दिसतंय' म्हणून मनात किंतु घातला. पावसाळ्यात ते कसं जपायचं आणि नवव्या अवताराच्या जागी तो मोठ्या गोल डोळ्यांचा देव कोण, हेही विचारलंय.

आधी किंतु काढून टाकू. रात्री खोलीतला दिवा मालवा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि उजेड समोरून न टाकता कडेने, पानाला जवळजवळ टेकवून टाका. कोरलेल्या रेघेला खोली असते, त्यामुळे तिच्या काठाला केसाएवढी सावली पडते. छापलेली रेघ सपाटच राहते. मग रेघेचं टोक बघा. लेखणी पानातून वर उचलली जाते तिथे रेघ निमुळती होत संपते. शेवटी किनारीवरची फुलं एकमेकांशी ताडून पाहा. हाताने केलेली दोन फुलं अगदी सारखी कधीच येत नाहीत. ओलं बोट फिरवून मात्र बघू नका, रेघांत भरलेलं काजळ उठेल.

खाचेचा काठ बघायची सवय मला घरातून लागली. माझे वडील ठाण्यात जांभळी नाक्याजवळ एका भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून भांड्यांवर नावं घालायचे. छिन्नी, छोटी हातोडी आणि मांडीवर पातेलं. 'यांजकडून सप्रेम भेट', 'यांच्या स्मरणार्थ' ही अक्षरं मी वाचायला शिकलो ती त्यांच्यावरून बोट फिरवून. म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याच हाटमध्ये रघुराजपूरचे एक चित्रकार दादा पान कोरताना दिसले, तेव्हा मी सगळी दुपार त्यांच्या शेजारी बसून काढली. रघुराजपूर हे पुरीपासून 10-12 किलोमीटरवर भार्गवी नदीकाठचं चित्रकारांचं गाव. ओडिसी नृत्याचे गुरू केलुचरण महापात्र तिथलेच.

त्यांच्या हातात लोखंडी लेखणी होती, टोक सुईसारखं. रंगाची वाटी नाही, शाई नाही, कुंचला नाही. ते पिवळसर पानावर एक हत्ती कोरत होते आणि मला तो हत्ती दिसतच नव्हता! पान उजेडात तिरकं झालं की क्षणभर रेघ चमकायची, परत नाहीशी व्हायची. पिवळ्यावर पिवळी रेघ, दिसणार कशी? सोंड, अंबारी, माहुताच्या फेट्याच्या घड्या, सगळं असं जवळजवळ न दिसता चाललेलं. मी विचारलं, "दादा, तुम्हाला तरी दिसतंय का?" ते म्हणाले, "थोडं दिसतं, बाकीचं हाताला ठाऊक असतं."

कोरून झाल्यावर त्यांनी दिव्याची काजळी तेलात कालवून पानभर चोळली. पान काळंकुट्ट झालं, हत्ती पार बुडाला. मग फडक्याने पुसायला घेतलं. वरची काजळी निघून गेली, खाचांमधली राहिली आणि बुडालेला हत्ती अंबारीसकट वर आला. (काही जण काजळीऐवजी कोळशाची पूड आणि वालाच्या पाल्याचा रस वापरतात.) त्या एका पुसण्यात आठवडाभराच्या कामाचा निकाल लागतो. चूक झाली असेल तर तीही आता काळी होऊन समोर येते, आणि ती खोडता येत नाही. खोडरबर चालत नाही, वर दुसरा रंग देता येत नाही. या कलेत मला सगळ्यात मोठी वाटते ती ही गोष्ट: चित्र दिसायला लागतं तेव्हा ते करून संपलेलं असतं.

मी लेखणी मागून घेतली. धातूवर काम पाहिलेलं असल्यामुळे हात वळेल असं वाटलं होतं. पातेल्याचा पत्रा सगळीकडून सारखा कडक असतो, पानात मात्र लांबीच्या दिशेने धागे असतात. त्या दिशेने सरळ रेघ ओढायला गेलो आणि पान धाग्याच्या कडेने चिरत गेलं. दादा रागावले नाहीत. म्हणाले, आमची अक्षरं गोल का आहेत ते आता कळलं ना! उडिया अक्षरांच्या डोक्यावर आपल्यासारखी सरळ शिरोरेघ नसून गोलाई असते, त्यामागचं नेहमी सांगितलं जाणारं कारण हेच. ओळीभर सरळ रेघ कोरली तर पान फाटेल. पश्चिम भारतातल्या जैन ताडपत्र पोथ्यांवर मजकूर शाईने लिहीत, चित्रं कुंचल्याने रंगवत, त्यामुळे तिथे नागरीच्या शिरोरेघेला अडचण आली नाही. बंगाल-बिहारकडच्या पाल राजांच्या काळातल्या बौद्ध पोथ्यांमधली चित्रंही रंगवलेलीच. ओडिशाने कोरण्याची वाट धरली.

घरी आल्यावर एक गोष्ट डोक्यात बसली. लेखणी हा शब्द ज्या 'लिख्' धातूवरून आला, त्याचा मूळ अर्थ ओरखडणं, कोरणं. पुस्तकाच्या पृष्ठाला आपण अजून 'पान' म्हणतो आणि टपालाला 'पत्र'. झाड आपल्या भाषेतून गेलेलं नाही. झाडही अनोळखी नाही: ओडिशात पोथीसाठी बहुतेक जो ताड वापरतात, त्याचेच ताडगोळे आपण उन्हाळ्यात ठाणे स्टेशनबाहेर घेतो.

पान तसंच वापरत नाहीत. ते वाळवतात, हळदीच्या पाण्यात उकळतात, पुन्हा वाळवून घासून गुळगुळीत करतात. हळद कीड लागू नये म्हणून. जुन्या पोथीचं पान उंचीला जेमतेम दोन-तीन बोटं भरतं. एवढ्या पट्टीत गंजाम जिल्ह्यातल्या मुंडमराईच्या रघुनाथ प्रुस्टी यांनी उडिया कवी उपेंद्र भंज यांच्या 'लावण्यवती' काव्याची चित्रं कोरली. अशा सचित्र पोथ्या भुवनेश्वरच्या राज्य संग्रहालयात आहेत. तिथे गेलात तर घाई करू नका, पानापुढे थांबून बघा. तुमच्याकडचं चित्र मोठं आहे कारण अशा बऱ्याच पट्ट्या दोऱ्याने शेजारी शेजारी शिवल्या आहेत, म्हणून ते घडी होतं.

आता पावसाळा. नवी मुंबईच्या इमारतींच्या बाहेरच्या भिंतींना जुलैत ओल येते हे तुम्हालाही ठाऊक असेल. त्या भिंतीवर चित्र लावू नका, आतली कोरडी भिंत निवडा, ऊनही नको. फ्रेम करताना काच पानाला टेकता कामा नये, मध्ये माउंटची जाडी ठेवायला सांगा. टेकली तर ओल धरते आणि बुरशी येते. लॅमिनेशन तर अजिबात नको, आणि पाठीला फेविकॉल लावू देऊ नका. घडी करून ठेवणार असाल तर सुती कापडात गुंडाळून शेजारी वेखंडाचे तुकडे ठेवा, आपल्या आज्या पोथ्यांसाठी तेच करायच्या. उघडताना टेबलावर उघडा, हवेत धरून नको. आधी तुटतो तो दोरा. काही वर्षांनी रेघा फिक्या वाटल्या तर स्वतः काजळ चोळायला जाऊ नका. जुन्या पोथ्यांवर हे काम हस्तलिखितांच्या संवर्धनातली माणसं करतात, काजळीत गवती चहाचं तेल घालून.

पुढच्या वेळी घासाघीस करण्याआधी एवढं करा. चित्रात कमरपट्टा किंवा झाडाची पानं यांसारखी एक तसूभर जागा निवडा आणि तिथल्या रेघा मोजा. मी मोजल्या होत्या. त्यानंतर भाव पाडायला माझी जीभ वळली नाही.

आणि तो गोल डोळ्यांचा देव म्हणजे जगन्नाथ. ओडिशाच्या दशावतारात नवव्या जागी पुष्कळदा बुद्धाऐवजी जगन्नाथ असतो. तुम्हाला ते वेगळं वाटलं, पण आपल्याकडच्या जुन्या पंचांगांच्या चित्रांत त्याच नवव्या जागी विठोबा उभा असतो, कमरेवर हात ठेवून.