मिडी फाइल कॉम्प्युटरवर पत्र्यासारखी वाजते?

आधी नवे स्पीकर घेऊ नका, ही चूक बहुतेक सगळे करतात. मिडी फाइलमध्ये आवाज नसतोच. वाद्य कुठलं, त्याची कुठली पट्टी कधी, किती जोरात दाबली नि कधी सोडली, अशा सूचनाच असतात. आवाज कॉम्प्युटर स्वतःचा घालतो, आणि विंडोजमधला वाद्यांच्या आवाजांचा संच फारच किरकोळ आहे.

सध्या एवढंच करा:
- चांगला साउंडफाँट, म्हणजे वाद्यांच्या आवाजांच्या संचाची फाइल, उतरवा. फ्लुइड आर-3 फुकट आहे, सुमारे 140 एमबी.
- व्हीएलसी या गाणी-व्हिडिओ वाजवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये तो निवडा. पियानो लगेच भरदार लागेल.
- फाइलचं नाव बदलून एमपी-3 करू नका, ती वाजणार नाही.

तबल्याची साथ असेल तर मात्र थांबा. जनरल मिडी, म्हणजे मिडीसाठी ठरवून दिलेली वाद्यांची यादी, तिच्या 128 वाद्यांत सतार आहे, शहनाई आहे, पण तबला नाही. तिथे भलतंच वाद्य वाजतं. अशा वेळी वाजवायच्या कीबोर्डच्या हेडफोन-जॅकमधून वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनला (बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या जॅकला) जोडून सरळ आवाजच रेकॉर्ड करा.