नफा कामगारांना वाटावा की परत धंद्यातच घालावा?

तुम्ही विचारलंय की कंपनीला चांगला नफा झाला तर तो कामगारांना वाटावा की मशीन, नवीन प्लांट वगैरेमध्ये परत घालावा. मी बरीच वर्षं एका पार्ट्स बनवणाऱ्या कारखान्याचं अकाउंट्स सांभाळलंय, त्यामुळे हा वाद अगदी जवळून बघितलाय. माझं स्पष्ट मत आहे की वाटा मिळालाच पाहिजे, आणि जो पैसा धंद्यात राहतो त्यातही कामगाराचं नाव लागलं पाहिजे.

आधी एक गोष्ट, कारण यावरून फार गैरसमज होतात. नफा झाला म्हणजे तेवढे पैसे बँकेत पडलेत असं नसतं हो. बराचसा पैसा गिऱ्हाइकांकडच्या उधारीत आणि गोडाऊनमधल्या मालात अडकलेला असतो. आमच्याकडे एका वर्षी पुस्तकात नफा छान दिसत होता आणि त्याच महिन्यात पगार करायला ओव्हरड्राफ्ट, म्हणजे खात्यात पैसे नसताना बँकेकडून मिळणारी उचल, वापरावा लागला, कारण सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने चार महिने बिलच दिलं नव्हतं. खालच्या लोकांना वाटलं मालक खोटं बोलतोय, पण खरंच पैसे नव्हते. दुसरं म्हणजे घसारा, म्हणजे मशीनच्या झिजेचा दरवर्षी धरायचा खर्च, आपण मशीनच्या जुन्या किमतीवर धरतो आणि नवीन मशीन घ्यायला गेलं की किंमत कुठच्या कुठे गेलेली असते, म्हणजे कागदावरच्या नफ्यातला काही भाग मुळात नफा नसतोच, आहे ते टिकवायलाच तो लागतो. तेवढा बाजूला काढला तर कामगारांनी तक्रार करू नये असं मला मनापासून वाटतं.

पण त्यापुढचं काय? "परत धंद्यात घालतोय" असं सांगतात तेव्हा हे कोणी बोलत नाही की त्या पैशाने कंपनीची किंमत वाढते आणि ती वाढ सगळी शेअरहोल्डरच्या पदरात पडते. कामगाराने बोनस सोडला म्हणजे त्यानेही गुंतवणूकच केली ना, फक्त त्याला शेअर मिळाला नाही. आमच्याकडे नवीन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन, घ्यायचं म्हणून दोन वर्षं वाटा बंद ठेवला, लोकांनी ऐकलं, मशीन आलं आणि लेथवरची तीन माणसं कमी केली. त्यातले एक काका माझ्या टेबलापाशी फायनल हिशेब घ्यायला आले, व्हाउचर हातात धरून बराच वेळ नुसते उभे होते, मग म्हणाले, माझ्या बोनसमधून मशीन आलं आणि मीच बाहेर. सही कुठे करायची ते दाखवताना मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

यावर जगात उपाय झालेत. स्पेनच्या बास्क भागातल्या मोंद्रागोनमध्ये 1956 पासून कामगारांच्याच मालकीच्या सहकारी कंपन्या आहेत, तिथे नफ्यातला सभासदाचा वाटा त्याच्या नावाच्या भांडवल खात्यात जमा होतो, पैसा धंद्यातच फिरतो, त्यावर व्याज मिळतं आणि निवृत्त होताना तो काढता येतो. धोका यातही आहे, त्यांच्यातलीच फागोर ही घरगुती उपकरणांची कंपनी 2013 मध्ये बुडाली तेव्हा कामगारांची त्यात ठेवलेली पुंजीही गेली. म्हणून सगळाच वाटा कंपनीत अडकवून ठेवू नये, काही हातात रोख यायलाच हवा, कारण नोकरी आणि बचत एकदम गेली तर माणसाने करायचं काय?

फ्रान्समध्ये तर कामगारांना नफ्यात वाटा देण्याचा 1967 पासून कायदाच आहे. तिथल्या सूत्रात कंपनीच्या स्वतःच्या भांडवलावर 5 टक्के परतावा आधी वजा करतात आणि उरलेल्या नफ्यातून कामगारांचा वाटा काढतात, तोही कंपनीने कमावलेल्या एकूण मूल्यवाढीत पगाराचं प्रमाण किती आहे ते बघून. मला यात आवडतं ते हे की आकडा मालकाच्या मर्जीवर राहत नाही. अमेरिकेतली वेल्डिंगचं सामान बनवणारी लिंकन इलेक्ट्रिक 1934 पासून बोनस देत आलीय, आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला परदेशातल्या युनिट्समुळे तोट्यात गेली तेव्हा अमेरिकेतल्या कामगारांना बोनस द्यायला तिने चक्क कर्ज काढलं. नंतर त्याच लोकांनी सुट्ट्या सोडून उत्पादन वाढवून दिलं.

फक्त एक सांभाळा, नफ्याचा वाटा हा पगाराच्या वर हवा, पगाराच्या बदल्यात नको. "पगार कमी घ्या, नफ्यात भागीदार व्हा" अशी ऑफर आली तर मी तरी घेणार नाही, कारण ऑर्डर मिळवणं, किंमत ठरवणं, उधारी वसूल करणं यातलं काहीच शॉपफ्लोअरवरच्या माणसाच्या हातात नसतं, मग त्याचा फटका त्याने का सोसायचा?

तुमच्या कंपनीत हा विषय निघणार असेल तर वर्ष सुरू व्हायच्या आधीच काढा. झीज आणि मशीन बदलीसाठी किती, भांडवलाला किती आणि उरलेल्यातून आम्हाला किती टक्के, हे लेखी मागा, आणि ताळेबंद दाखवायचंही त्यातच लिहून घ्या. वर्ष संपून आकडा समोर आला की मग कोणी सही करत नाही.