गावच्या घराच्या जुन्या सागवानी दार-खिडक्यांना जवसाच्या तेलातला रंग कोकणात टिकेल का, की सरळ पीयू (पॉलियुरेथेनचं कडक पॉलिश) मारावं? किती कोट लागतील?

टिकतो. एकदा मारून दहा वर्षं ढुंकून बघायचं नसेल, तर मात्र तसला रंग कोकणात तरी मला माहीत नाही.

लांज्याकडे आमचं सामाईक घर आहे. दर्शनी दार आमच्या चुलतदादाने, मुंबईहून कंत्राटदार आणून, गणपतीच्या तोंडावर पीयू मारून चकचकीत केलं. "आता बघायला नको," म्हणाला. पुढच्याच पावसाळ्यात खालच्या फळीला फोड आले. नखाने पापुद्रा सोलला तर आत लाकूड काळं आणि ओलं. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं. वरचा कडक थर कुठेतरी चिरतो, पाणी आत शिरतं आणि मग त्याला बाहेरची वाट नसते. हे मी दादाला फोनवर सांगितलं, पंगतीत सांगितलं, वहिनीकरवीही सांगून पाहिलं. त्याचं एकच, "माल हलका लागला."

मागचं दार आणि माजघराच्या खिडक्या माझ्याकडे होत्या. जुना रंग पाणी मारून, ओला ठेवून खरवडला. रंगातल्या शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली; त्याआधीच्या रंगात विषारी शिसं जास्त असू शकतं, म्हणून त्यावर कोरडा पॉलिश पेपर चालवून धूळ उडवू नका. कुजकं लाकूड सुताराने काढून सागाचाच तुकडा बसवला, भेगांत खडूपूड आणि जवसाच्या तेलाची लांबी (पुट्टी) भरली. मग डबल बॉईल, म्हणजे लवकर वाळावं म्हणून प्रक्रिया केलेल्या, जवसाच्या तेलात घोटलेला गेरू, ब्रश ओढून ओढून अगदी पातळ. जाड थापलात तर वर साय धरते आणि खाली ओलं राहतं. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्यामुळे दोन कोटांत काही दिवस जाऊ द्यावेच लागतात. कंत्राटदाराला तेवढा दम नसतो. आता रंग फिका दिसला की तेलाचा हात फिरवतो, खरवडाखरवड नाही.

कोट किती? लाकूड पिईल तितके.

नुसतं कच्चं तेल चोपडू नका, पावसाळ्यात बुरशी धरते. वाळवीला याचा उपयोग शून्य. तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात, पाण्यात बुडवा. काम मार्च ते मे, लाकूड खडखडीत वाळलेलं असताना. दादाचं पीयू ऐन श्रावणात ओल्या दारावर बसलं होतं, तेव्हा सगळा दोष पीयूचा नाही, हे मान्य. पण श्रावणात मारू नको, हेही मी तेव्हा सांगितलं होतं.

तुमचंही घर सामाईक असेल, तर खर्चाची वाटणी करायच्या आधी दर्शनी दार आपल्याकडे मागून घ्या.