गाडीत इंजिनाच्या कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान दाखवणारा वेगळा टेंपरेचर मीटर लावताना त्याचा सेन्सर नेमका कुठे बसवायचा?

मित्रा, आधी एक गोष्ट: कंपनीचा सेन्सर काढून त्या जागी नवा बसवू नकोस. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, त्याच्याच भरवशावर पेट्रोल आणि फॅनचं गणित करतो.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे सिलिंडर हेडवर किंवा थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणाऱ्या झडपेच्या) हाउसिंगवर, इंजिनाच्या बाजूला, एखादं रिकामं प्लग केलेलं भोक. तिथे खरं तापमान लगेच कळतं. पण असं भोक सगळ्याच गाड्यांत नसतं. मग रेडिएटरचा वरचा होज पाईप कापून मध्ये सेन्सरसाठी भोक असलेला अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅडॉप्टर टाकायचा. कापण्याआधी पाईपचा आतला व्यास मोज. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंशांना उघडतो. तोवर इथला काटा खालीच रेंगाळणार, घाबरू नकोस. खालच्या पाईपात मात्र बसवू नकोस, तिथे रेडिएटरने थंड केलेलं पाणी असतं.

एकाच वायरचा सेन्सर असेल तर त्याला अर्थ (अर्थिंग) स्वतःच्या धातूच्या बॉडीतूनच मिळतो. अ‍ॅडॉप्टर दोन्हीकडून रबरात, म्हणजे अर्थ तुटलेला! त्याला वेगळी वायर लावून इंजिनाला जोड. सेन्सरचे आटे गच्च टेपने गुंडाळू नकोस, त्यानेही अर्थ तुटतो. मी गुंडाळले होते, आठवडाभर मीटरलाच शिव्या घातल्या.

काम इंजिन पूर्ण थंड असतानाच. नंतर कूलंट भरून हवा नीट काढ. सेन्सर हवेत राहिला तर इंजिन उकळत असतानाही काटा थंड दाखवतो, म्हणून कूलंट लेव्हलचा अलार्म जमला तर तोही लावून घे.