दुसरी डिस्क भंगारात घालू नका

एप्रिल लागला की नागपुरात दोन गोष्टी खाली उतरतात, माळ्यावरचा कूलर आणि त्याच्यामागची खोकी. या वर्षी त्या खोक्यांतून डीव्हीडी निघताहेत असं दिसतं, कारण या महिन्याची बहुतेक पत्रं त्याच विषयावरची आहेत. धरमपेठेत मी व्हिडिओ लायब्ररी चालवायचो, हे वाचकांच्या अजून लक्षात आहे म्हणायचं.

प्रश्न : माझ्या मिस्टरांनी हौसेनं घेतलेल्या बऱ्याच डीव्हीडी घरात आहेत. त्यात ‘लगान’चा तीन डिस्कचा संच आहे. पिक्चर आता मोबाइलवरही दिसतो. मग बाकीच्या डिस्क ठेवून काय करायचं? भंगारवाला दारात उभा आहे. — एक वाचक, मानेवाडा

ताई, त्याला थांबवा. द्यायचीच असेल तर पिक्चरची डिस्क द्या, बाकीच्या ठेवा. पिक्चर सगळीकडे मिळतो, सोबतचा ऐवज मिळत नाही.

तुमच्याकडे 2007 मध्ये आलेला संच दिसतोय. त्यात गाळलेली दृश्यं आहेत आणि ‘चले चलो’ हा सत्यजित भटकळ यांचा माहितीपट आहे. भुजजवळच्या कुनरिया गावात हा सिनेमा कसा उभा राहिला, त्याची ती गोष्ट. त्या काळी हिंदी सिनेमाचे संवाद सर्रास नंतर स्टुडिओत डब व्हायचे. इथे मात्र आवाज जागेवरच, शूटिंगच्या वेळीच धरायचा ठरवला होता. म्हणजे शेकडो माणसं जमलेल्या मैदानावर कुणी खोकायचंसुद्धा नाही! त्या कामासाठी नकुल कामटे यांना पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दिग्दर्शक आशुतोष गोवारीकरांची पाठ मध्येच धरली, तर त्यांनी मॉनिटरशेजारी खाट टाकून आडवं पडून काम चालू ठेवलं. शेवटच्या सामन्यासाठी आसपासच्या गावांतून हजारो लोक आणले होते. त्यांच्यात जोश यावा म्हणून आमिर खान ‘आती क्या खंडाला’ गायला. 1893 सालच्या धोतर-पागोट्यातल्या गर्दीला हे गाणं! पिक्चर बघताना हे कळायला काही मार्गच नाही.

आणखी एक कारण आहे, माझ्या मते सगळ्यात मोठं. शूटिंग झालं 2000 साली. 26 जानेवारी 2001 ला कच्छमध्ये भूकंप झाला. शूटिंगच्या वेळी पडद्यामागे जे टिपलं गेलं, ते त्या मुलखाचं भूकंपाआधीचं रूप आहे. कुणी इतिहास म्हणून ते टिपलं नव्हतं, पण आता तो इतिहासच आहे.

माझ्या लायब्ररीत दोन डिस्कचा संच भाड्यानं गेला की पहिली डिस्क ओरखडे घेऊन परत यायची आणि दुसरी कोरी करकरीत. लोक म्हणायचे, “भाऊ, त्यात काही नाही, नुसत्या गप्पा आहेत.” काही संचांच्या बाबतीत खरंच होतं ते. नट म्हणतो दिग्दर्शक थोर, दिग्दर्शक म्हणतो नट थोर, निर्माता म्हणतो आम्ही सगळे एक कुटुंब. असली डिस्क निघाली तर खुशाल द्या भंगारवाल्याला. ओळखायचं कसं? पाच मिनिटं बघा. तेवढ्यात कुणाच्या हातात काही काम दिसलं, मग ते सुतारकाम असो, शिवणकाम असो की दिव्याची जुळवाजुळव, तर ठेवा. नुसती तोंडंच दिसली तर सोडा.

प्रश्न : काका, मी मास कॉमचा विद्यार्थी आहे. सीनियर सांगतात, डायरेक्टर्स कॉमेंट्री ऐक. पण पिक्चर चालू असताना कुणीतरी वरून बोलत राहणार, त्यात मजा काय? आणि सुरुवात कुठून करू? — एक विद्यार्थी, अमरावती रोड

बेटा, पहिल्यांदा बघताना लावलीस तर मजा नाहीच येणार. आधी पिक्चर नीट बघून घे, मधे दिवस जाऊ दे, मग कॉमेंट्री लाव आणि खाली सबटायटल चालू ठेव म्हणजे कथा हातातून सुटत नाही.

ही पद्धत डीव्हीडीच्या आधीची आहे. 1984 साली अमेरिकेत क्रायटेरियन कंपनीनं ‘किंग काँग’ लेझरडिस्कवर काढला. लेझरडिस्क म्हणजे ग्रामोफोनच्या तबकडीएवढी मोठी, चकचकीत डिस्क. तिच्यावर आवाजासाठी एक जादा ट्रॅक रिकामा होता. रोनाल्ड हेव्हर नावाच्या चित्रपट-अभ्यासकाला त्यांनी त्यावर बोलायला बसवलं. समोर पिक्चर चालू आणि हा माणूस सांगतोय, हे दृश्य कसं केलं, ते कसं केलं. रिकाम्या जागेचा उपयोग करून टाकला एवढंच. 1997 मध्ये अमेरिकेत डीव्हीडी आली तेव्हा तिच्यावर आवाजाचे आठपर्यंत ट्रॅक ठेवायची सोय झाली आणि मग ही चाल सगळीकडे पसरली.

सुरुवात दिग्दर्शकापासूनच करायला पाहिजे असं काही नाही. दिग्दर्शक बरेचदा आपल्याच कामाबद्दल संकोचतात, नाहीतर आठवणींत रमतात. मला अभ्यासकांची कॉमेंट्री जास्त आवडते. ‘सिटिझन केन’च्या 2001 च्या डीव्हीडीवर समीक्षक रॉजर ईबर्ट यांची आहे, ती मिळाली तर सोडू नकोस. फ्रेममध्ये छत का दिसतंय, काय खरं आहे आणि काय रंगवलेलं, हे तो माणूस पिक्चर चालू असताना दाखवत जातो. थांबून खडूफळ्यावर शिकवणं वेगळं आणि हे वेगळं.

कमी पैशात शॉर्टफिल्म करायची असेल तर ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या लांब आवृत्त्या बघ, 2002 ते 2004 या काळात आलेल्या. चार-चार डिस्कचे संच, त्यातल्या दोन-दोन नुसत्या ‘कसं केलं’ यावर. तू म्हणशील, त्यांचं बजेट कुठे आणि माझं कुठे. खरं आहे. पण किल्ल्याचं छोटं मॉडेल करून ते अवाढव्य कसं भासवायचं, बुटका माणूस आणि उंच माणूस एकाच फ्रेममध्ये कसा बसवायचा, यातल्या निम्म्या युक्त्या पुठ्ठा, टेबल आणि कॅमेऱ्याची जागा यावर चालतात. त्या वर्गात कुणी करून दाखवत नाही.

आता हे सगळं यूट्यूबवर मिळतं असं तुझे मित्र म्हणतील. तुकडे मिळतात, तेही बहुतेक जाहिरातीसाठी कापलेले, आणि आज असतात उद्या नसतात. क्रायटेरियनचं स्वतःचं चॅनेल 2019 पासून चालू आहे आणि त्यावर जादा ऐवजही असतो, पण ते अमेरिका-कॅनडापुरतं. नागपुरात बसून डिस्कच शोधावी लागते. रविवारी बर्डीवर जुनी पुस्तकं पालथी घालतोस ना, तिथेच खालच्या खोक्यातही हात घालत जा.

प्रश्न : मुलानं अमेरिकेहून सत्यजित राय यांच्या ‘अपू’ चित्रत्रयीचा ब्ल्यू-रे संच आणला. आमच्या प्लेयरवर चालतच नाही. डिस्क खराब आहे का? — एक ज्येष्ठ वाचक, लक्ष्मीनगर

डिस्क चांगली आहे साहेब, कुलूप वेगळं आहे. ब्ल्यू-रेसाठी जगाचे तीन भाग पाडलेत. अमेरिका ‘ए’ मध्ये, भारत ‘सी’ मध्ये. तुमचा संच ‘ए’चा आहे. डीव्हीडीची वाटणी आणखी बारीक, तिथे अमेरिका 1 आणि आपण 5. सगळे रीजन चालवणारा प्लेयर घ्या किंवा मुलाला पुढच्या खेपेला तिकडचाच प्लेयर आणायला सांगा. तिकडची वीज 120 व्होल्टची असते, म्हणून आणण्याआधी त्याच्या मागे 100–240 लिहिलंय का तेवढं बघायला सांगा. कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हचा रीजन बदलता येतो, पण पाचच वेळा, मग तो कायमचा अडकतो. गंमत बघा, नव्या 4के डिस्कना रीजनचं कुलूपच नाही. हे आधीच केलं असतं तर काय बिघडलं असतं, बाप्पा!

प्लेयरची सोय होईल तेव्हा जादा ऐवजातला जीर्णोद्धारावरचा भाग आधी बघा. या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह 1993 साली लंडनच्या एका लॅबला लागलेल्या आगीत होरपळल्या होत्या. इटलीतल्या बोलोन्याच्या कारागिरांनी ती कडक, चिकटलेली फिल्म मऊ करून, हातांनी एकेक तुकडा सोडवून जे वाचलं ते वाचवलं. मग पिक्चर लावा. दुर्गा आणि अपू रेल्वे बघायला धावतात तिथे तुम्हाला काशफुलं दिसतीलच, पण ती फिल्मसुद्धा दिसेल.

प्रश्न : ‘शोले’चा शेवट वेगळा होता आणि तो कुठल्यातरी डिस्कवर आहे म्हणतात. खरं का? — एक वाचक, इतवारी

खरं. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारतो. 1975, आणीबाणी, सेन्सॉरनं हरकत घेतली आणि शेवटी पोलीस येऊन गब्बरला नेतात असं नव्यानं चित्रित करावं लागलं. मूळ शेवटाची लांब आवृत्ती पुढे घरगुती व्हिडिओवर आली, आणि 2025 साली ती नव्यानं दुरुस्त होऊन बोलोन्यातच दाखवली गेली. गाळलेली दृश्यं बहुतेक वेळा गाळायच्याच लायकीची असतात. हे त्यातलं नाही.

प्रश्न : मराठी सिनेमांच्या डिस्कवर हे जादा काहीच काहून नसतं? आमच्या लोकांना सांगण्यासारखं काही नसते का? — एक वाचक, महाल

भाऊ, सांगण्यासारखं भरपूर आहे. जागा आणि पैसा नव्हता.

आपल्याकडे मराठी सिनेमा घरात आला तो मुख्यतः व्हीसीडीवर. एका व्हीसीडीवर सव्वा तासाच्या आसपास चित्र मावतं. म्हणजे सव्वादोन तासांचा पिक्चर दोन डिस्कवर, आणि दुसरा आवाज किंवा सबटायटलची धड सोय नाही. 2007 मध्ये मोझर बेअरनं 28 रुपयांना व्हीसीडी आणि 34 रुपयांना डीव्हीडी बाजारात आणली. गिऱ्हाईक खूश झालं, मीही झालो, कारण पायरेटेड डिस्क विकणाऱ्यांची तोंडं बंद झाली. पण 34 रुपयांत दिग्दर्शकाला स्टुडिओत बसवून बोलतं कोण करणार? पुढे तर एकाच डीव्हीडीवर तीन-तीन पिक्चर कोंबून यायला लागले. एका थराच्या डीव्हीडीत 4.7 जीबी जागा असते, त्यात चांगल्या दर्जाचं चित्र दोनेक तासांचंच बसतं. तीन पिक्चर घातले की चेहरे चौकटी-चौकटीचे दिसणारच. हिंदीचं दुखणं लांबीचं. ‘लगान’ एकटाच 224 मिनिटांचा आहे. जादा काही द्यायचं तर डिस्क वाढली, डबा वाढला, किंमत वाढली.

पण ‘आमच्या लोकांना’ हे जरा जपून म्हणा. दादासाहेब फाळके यांनी 1917 साली, सिनेमा कसा तयार होतो हे दाखवणारा छोटा चित्रपट स्वतःच बनवला होता. फाळके नटांना शिकवताहेत, फाळके फिल्म कापून जोडताहेत, असं त्यात दिसतं. त्याचे तुकडे आजही आहेत. पडद्यामागचं दाखवायची अक्कल आपल्याला कुणाकडून उसनी आणावी लागली नाही. मेकिंग आपलं होतं, डिस्क तेवढी आपली नव्हती.

निर्मात्यांना माझं एकच सांगणं आहे. तुमचा कॅमेरामन, तुमचा साउंडवाला, तुमची वेशभूषाकार हयात आहेत तोवर त्यांना साध्या मोबाइलसमोर बसवून पिक्चर लावा आणि बोलू द्या. डिस्क काढू नका, नाही परवडत तर. रेकॉर्ड करून ठेवा.

प्रश्न : आमचं वरच्या मजल्यावर टिनाचं छत आहे. उन्हाळ्यात डिस्क वितळतील का? — एक वाचक, नंदनवन

वितळणार नाहीत. 23 मे 2013 ला नागपुरात 47.9 अंश होतं, त्या दिवशीही नाही वितळल्या. पण टिनाखाली ठेवू नका, वाकतात. आणि कूलरच्या खोलीत तर मुळीच नको. ओलसर हवा कडेनं आत शिरते आणि चकाकणारा थर खराब करते. खालच्या मजल्यावर, भिंतीपासून थोडं दूर, उभ्या ठेवा. पुसताना सुती कापडानं मधून कडेकडे पुसा, गोल गोल नको. व्हीसीडीच्या छापील बाजूला जपा, कारण चित्राचा थर त्याच बाजूला, वार्निशच्या पातळ पापुद्र्याखाली असतो. खालचा ओरखडा निभतो, वरचा निभत नाही.

हे सगळं कंपनीत छापलेल्या डिस्कबद्दल. लग्नाची शूटिंग वगैरे घरी कॉम्प्युटरवर भरलेल्या (‘बर्न’ केलेल्या) डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, तो उन्हात आणि उष्णतेत उडतो. त्या आधी शोधा आणि या आठवड्यातच हार्डडिस्कवर उतरवून घ्या.